सगळं लिहायचं ना?

किरण सरांनी सगळ्यांचे पेपर परत वाटले आणि हेमलताचा तेवढा टेबलावर उपडा ठेवला. मजकूर खाली, कोरी पाठ वर. क्लास जळगावच्या बसस्टँडजवळ, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खालून औषधांचा वास यायचा, वरून तापलेल्या पत्र्याचा, आणि मधल्या खोलीत वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नर्स ड्यूटी संपवून, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ घेऊन इंग्रजी शिकायला बसायच्या. वाचन आणि लेखन, दोनच गोष्टी. सर मूळचे धुळ्याचे, मोठा क्लास त्यांचा तिथेच देवपुरात. जळगावला ते आठवड्यातून काही दिवस यायचे. येत्या रविवारी धुळ्यालाच एका एजन्सीची चाळणी परीक्षा होती. तीत ज्या निवडल्या जातील त्यांना इंग्लंडला पाठवायचं सगळं एजन्सी बघणार होती, म्हणून गेले काही आठवडे खोलीतल्या प्रत्येकीच्या बोलण्यात रविवार होता. हेमलताच्याही होता. ती जळगावच्या एका खाजगी इस्पितळात आयसीयूत होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून नर्स झालेली पहिली मुलगी, असं गावात तिच्याबद्दल बोललं जायचं आणि ते तिला कधीच आवडलं नव्हतं, कारण पहिली म्हटलं की माणसं नीट निरखून बघतात.

"तू थांब जरा," सर म्हणाले. बाकीच्या उठल्या. खुर्च्या सरकल्या. तिच्या खोलीत राहणारी, तिच्याच इस्पितळातली कामिनी दाराशी घुटमळली, एकदा हेमलताकडे आणि एकदा त्या उपड्या कागदाकडे बघून म्हणाली, "मी खाली थांबते गं," आणि गेली. नंतर हेमलताने ते बघणं किती वेळा आठवलं असेल. पेशंटची फाइल पुन्हा उघडून एखादी नोंद शोधावी तसं.

"हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"एकटीने?"

सरांनी कागद सुलटा केला. कुणा म्हाताऱ्या बाईचं हाड मोडलेलं, तिला दुसऱ्या दवाखान्यात पाठवायचं, तिथल्या नर्सला पत्र लिहायचं. अशीच पत्रं परीक्षेत यायची. दिलेल्या टिपणात 'हालचालीला वेदना' आणि 'कठडा धरते' असे दोन तुटक तुकडे वेगवेगळ्या ओळींत होते. हेमलताने ते एका वाक्यात आणले होते. बाई कुरकुर करत नाही, पण कूस बदलताना पलंगाचा कठडा घट्ट धरते, तेव्हा विचारल्याशिवाय तिला दुखतंय हे कळणार नाही, अशा अर्थाचं ते इंग्रजी वाक्य होतं. सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली होती. चुकीची खूण नव्हती, नुसती रेघ.

"असं वाक्य माझ्या क्लासमध्ये आजपर्यंत कुणी लिहिलेलं नाही," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट मऊ होता. "मागचे तुझे पेपर मी बघितलेत. त्यात चुका असायच्या. यात एकही नाही. हे कसं काय?"

तिची नजर त्या लाल रेघेवर होती.

"वर्गातल्याच एकीने मला सांगितलंय. तुझ्या मोबाइलमध्ये तयार पत्रं असतात म्हणून."

"कोणी?"

"ते सोड. एजन्सीकडे नावं मी पाठवतो, गडबड झाली तर क्लासचं नाव जातं. रविवारी परीक्षेआधी माझ्या केबिनमध्ये यायचं. माझ्यासमोर एक पत्र लिहायचं. मग बघू."

ती जिना उतरू लागली. वर्गातल्याच एकीने. तिचा मोबाइल बघणारी वर्गात एकच होती. खाली कामिनी लिंबू सोड्याचे दोन ग्लास धरून उभी होती, एक तिच्यापुढे करत म्हणाली, "काय म्हणाले?" आणि हेमलता म्हणाली, "काही नाही. अक्षर सुधार म्हणाले." सोडा गार होता, वर काळ्या मिठाचा वास. हिने माझ्यासाठी का घेतला असेल, हा विचार त्या घोटाबरोबर पहिल्यांदा आत गेला. याआधी कामिनीने तिच्यासाठी किती वेळा काय काय घेतलं होतं. पण तेव्हा ते नुसतं घेतलेलं होतं, त्याला 'का' नव्हता.

मोबाइलमध्ये पत्रं नव्हती. तिचाच आवाज होता. पुस्तकातली इंग्रजी वाक्यं ती मोठ्याने वाचून मोबाइलमध्ये भरायची आणि ड्यूटीवर चालत जाताना कानात ऐकायची, कारण डोळ्यांपेक्षा कानाने आलेलं तिच्यात जास्त टिकायचं. घरची बोली पावरी, शाळेची मराठी, बाजारात अहिराणी, इस्पितळात हिंदी. प्रत्येक भाषा तिने आधी ऐकून घेतली होती, मग ती तोंडात आली होती. इंग्रजी तेवढी ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःलाच बोलायला लावलं. हे कामिनीला ठाऊक होतं. एकदा तिने गमतीने एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला होता आणि हसून म्हणाली होती, "अगं, तू स्वतःचंच ऐकतेस?" तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता त्या हसण्यातलं कामिनीचं हसू वेगळं काढून हेमलता तपासू लागली.

आणि चुका. सरांनी चुकांचं बरोबर धरलं होतं, हे तिला सर्वांत जास्त लागलं. आश्रमशाळेत सातवीत असताना 'माझे गाव' या विषयावर इंग्रजीत लिहायला आलं होतं. तिने लिहिलं होतं की आमची नदी पावसाळ्यात रात्रभर ट्रक चालल्यासारखी आवाज करते आणि उन्हाळ्यात ती कुठे जाते हे कुणी मला सांगत नाही. शब्दकोशात शब्द शोधून, खाडाखोड करून लिहिलेलं ते तिचं पहिलं वाक्य होतं ज्यात ती स्वतः होती. इंग्रजीच्या गुरुजींनी ते वाचलं आणि तिला हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. कुणाचं बघितलंस, कुठल्या गाइडातलं आहे, असं दोघांनी आळीपाळीने विचारलं. मग समोर बसवून पुन्हा लिहायला लावलं. भिंतीला ताजा चुना लावलेला होता, नाकात त्याचा वास भरत होता, खिडकीतून स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यांचा आवाज येत होता. तिने पेन्सिल धरली आणि एकदम, कुणी न सांगता, तिला कळलं की या दोघांना काय हवं आहे. तिने क्रियापदं मोडली. एका ठिकाणी 'नदी' या शब्दाचंच स्पेलिंग चुकवलं. कागद बघताना हेडमास्तरांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या. "आता बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप दिली. त्या थापेने तिला जे बरं वाटलं होतं त्याचीच तिला पुढे अनेक वर्षं लाज वाटत आली. तेव्हापासून ती इंग्रजी लेखनाच्या प्रत्येक पेपरात थोड्या चुका सोडायची, जेवणात मीठ घालावं तशा, अंदाजाने. बारावीत सोडल्या, नर्सिंगला सोडल्या. किती सोडल्या की माणसं निर्धास्त होतात हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. या पेपरात मात्र ती विसरली. त्या दिवशी सकाळी एक पेशंट व्हेंटिलेटरवरून निघून तिच्याशी पहिला शब्द बोलला होता. त्या आनंदात तिने पत्र लिहिलं आणि चुका घालायच्या राहून गेल्या.

त्या आठवड्यात खोलीत सगळ्या गोष्टी थोड्या थोड्या सरकल्या. पिंप्राळ्याकडची ती एक खोली, पुढे गॅलरी, कोपऱ्यात गॅस, दोन खाटा. कामिनी गॅलरीत जाऊन फोनवर बोलायची, आवाज खाली घेऊन. पूर्वीही जात असेल, पण हेमलताने ते पूर्वी मोजलं नव्हतं. कामिनीने तिला विचारलं, "तुझा आवडता विषय कुठला पत्रात, सांग ना, हृदयाचा की हाडांचा?" आणि हेमलताला वाटलं, ही माहिती काढते आहे. कामिनीने एकदा वांग्याचं भरीत केलं, वरून कच्च्या तेलाची धार सोडून ताट तिच्यापुढे ठेवलं. हेमलताने खाल्लं, आणि खाताना कामिनी आपल्याकडे बघते आहे का ते बघत राहिली. ती बघत नव्हती. हेही संशयाचं वाटलं. मुद्दाम बघत नसेल. इस्पितळात मंजुळा सिस्टर, तिच्या वॉर्डच्या इन्चार्ज, नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायच्या की मशीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, पेशंटच्या नखाकडे बघा, ओठाकडे बघा. हेमलता त्यांची सर्वांत चांगली विद्यार्थिनी होती. तिच्या संशयाने दोन माणसं वाचली होती. तोच डोळा ती आता घरी घेऊन आली होती आणि तो मिटायचा कसा ते तिला माहीत नव्हतं.

गुरुवारी क्लासमध्ये वाचनाचा सराव झाला. लांबलचक उतारा, त्याखाली विधानं. प्रत्येकापुढे लिहायचं, बरोबर, चूक, की दिलेलं नाही. मुली सगळ्या तिसऱ्यातच अडकायच्या. सर फळ्यावर खडू आपटत म्हणायचे, "उताऱ्यात नाही ना? मग नाही. तुमच्या डोक्यातलं तुमच्याकडे ठेवा!" हेमलताचा त्यात एकही चुकत नसे. त्या दिवशीही सगळी बरोबर आली. सरांनी तिच्या बाकाशी थांबून पेपर बघितला, पुढे गेले, आणि मागून कुणीतरी कुणाच्या तरी कानात काहीतरी बोललं. ती वळली नाही. पण तो आवाज कामिनीचा होता असं तिने मनात पक्कं करून टाकलं.

शुक्रवारी कामिनीची आई आली, बेबाबाई, रावेरकडून, घरच्या केळीचे वेफर्स आणि ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ घेऊन. पंख्याखाली पाय पसरून बसत त्या हेमलताला म्हणाल्या, "तुह्यासारखी इंग्रजी आमच्या पोरीले आली पाहिजे माय. फोनवर तुह्यंच सांगते. हेमा झोपेत बी इंग्रजी बोलते म्हने!"

"आई!" कामिनी हसत ओरडली.

"खोटं सांगते का मी? मोबाइलात भरून ठेवते आन् ऐकत ऱ्हायते, असं तूच सांगे ना मले?"

हेमलता हसली. गालाचे स्नायू हसले. म्हणजे ही सांगते. मोबाइलचं सांगते. आईला सांगते तर सरांना का नाही सांगणार. बेबाबाई वेफर्सची पिशवी तिच्या खाटेवर ठेवत होत्या, "हे तुले, येगळी काढेल हाये," आणि हेमलताला त्या पिशवीला हात लावावासा वाटेना.

त्या गेल्यावर, संध्याकाळी, गॅलरीत ऊन उतरत असताना, कामिनी आपलं सरावाचं पत्र घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. तिला वाचन जमायचं, लेखनात ती मार खायची. इंग्लंडला जायला जी मूळ इंग्रजी परीक्षा लागते तीत मागच्या वेळी ती लेखनातच राहिली होती. घरचे आता लग्नाचं बघत होते. या वेळी नाही झालं तर ते मुलगा ठरवतील हे तिने रडत हेमलतालाच सांगितलं होतं.

"बघ ना एकदा," कामिनी म्हणाली. "मला एकच कळत नाही. टिपणात एवढं सगळं दिलेलं असतं. दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स, नवऱ्याचा धंदा, कुत्रा पाळलाय, काय काय. ते सगळं लिहायचं ना? सोडलं तर मार्क कापतील ना?"

हेमलताने कागद हातात घेतला. त्यात सगळं होतं. अपेंडिक्स होतं, कुत्रा होता. पत्राचं सगळं गुपित इथेच होतं, आणि ते हेमलताला फार आधी उमगलं होतं: समोरच्या नर्सला जे लागणार नाही ते सोडायचं. मार्क कापले जातात ते सोडल्याबद्दल नाही, भरल्याबद्दल. सरांनी हे एकदा सांगितलं होतं, त्या दिवशी कामिनी ड्यूटीवर होती. खाली रस्त्यावर एक केळीचा ट्रक मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत होती. हेमलताने कागद घडी करून परत दिला.

"हो," ती म्हणाली. "सगळं लिही. काही सोडू नको."

"नक्की?"

"नक्की."

कामिनीने तिच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकवलं आणि आत गेली. हेमलता तिथेच बसून राहिली. काही वाटेल अशी ती वाट बघत होती. आपण केलं ते नीच आहे असं वाटेल, किंवा बरं वाटेल. दोन्ही झालं नाही. नुसतं हेडमास्तरांच्या खोलीतल्यासारखं हलकं वाटलं, आणि ते तिने ओळखलं नाही असं तिने स्वतःला भासवलं. थोड्या वेळाने वडिलांचा, डोंगरसिंगांचा फोन आला. गावात टॉवर लागत नसे, ते टेकडीवर चढून फोन करत. रविवारी परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिकडे गेलीस तर कुणाच्या बोलीत बोलशील. इंग्रजीत, ती म्हणाली. आणि मनातलं कुणाजवळ बोलशील, त्यांनी पुढे विचारलं. वाऱ्याने आवाज तुटला. ती हॅलो हॅलो करत राहिली आणि आत कामिनी गुणगुणत भांडी घासत होती.

रविवारी सकाळच्या बसने दोघी धुळ्याला निघाल्या. एरंडोल, पारोळा, दोन्ही बाजूंना कापूस काढून झालेली काळी रानं. कामिनी वाटभर डोळे मिटून ओठांनी काहीतरी घोकत होती. एकदा डोळे उघडून म्हणाली, "भीती वाटतेय गं," आणि हेमलता म्हणाली, "होईल." देवपुरातला क्लास मोठा होता, तीन मजली, वरच्या हॉलमध्ये परीक्षा, खाली सरांची केबिन. कामिनी जिना चढून गेली. हेमलता केबिनमध्ये गेली.

सरांनी दार उघडं ठेवलं, मोबाइल काढून टेबलावर ठेवायला लावला, नवा टिपणाचा कागद दिला आणि समोर बसले. हात एकमेकांत गुंतवून, तिच्या पेनाच्या टोकाकडे बघत. या वेळी तिला दोन्ही बाजूंनी बंद झाल्यासारखं वाटलं. आश्रमशाळेत तेव्हा वाईट लिहिलं की सुटका होती. आता वाईट लिहिलं तर मागचं चोरीचं ठरणार, आणि चांगलं लिहिलं तर हेही कुठून पाठ केलं म्हणणार. तिचा हात कागदावर थांबून राहिला. टिपण एका मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसाचं होतं, एकटा राहणारा, पायाला जखम, 'ठीक आहे म्हणतो' असं दोनदा लिहिलेलं. दोनदा का लिहिलं असेल? तिच्या डोळ्यासमोर तो माणूस आला, दारात उभा, ठीक आहे ठीक आहे म्हणत कुणाला आत न घेणारा. मग ती सरांना विसरली. तिने त्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या नर्सला सांगितलं की तो ठीक आहे म्हणेल, तरी मोजा काढून पाय बघा. चुका घालायच्या की नाही हा प्रश्न तिला पत्र संपल्यावर आठवला, आणि तिने पेन खाली ठेवलं.

सरांनी वाचलं. एकदा, मग पुन्हा सावकाश. त्यांनी चष्मा काढला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "जा वर. पेपर सुरू होतील आता."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "सर, तुम्हाला सांगितलं कोणी होतं?"

"कशाचं?"

"माझ्या मोबाइलचं. वर्गातली एक म्हणालात."

सर थोडे हसले. बरं वाटलेला माणूस हसतो तसे. "अगं, कोणी नाही. असं म्हणावं लागतं. एकीने सांगितलं म्हटलं की निम्म्या मुली लगेच कबूल करतात. मी सगळ्यांनाच म्हणतो तसं. मनावर नको घेऊ."

जिना ती कशी चढली ते तिला नंतर आठवेना. उताऱ्यात नव्हतं. कुठेच नव्हतं. गॅलरीतला दबका आवाज, भरीत, वेफर्सची पिशवी, मागच्या बाकावरची कुजबुज, सगळं तिने स्वतः लिहिलं होतं, ओळीखाली ओळ. आणि वर हॉलमध्ये कामिनी बसली होती, सगळं लिहायचं असं मनाशी ठरवून.

हॉल भरलेला होता. एजन्सीच्या एक बाई, गळ्यात ओळखपत्र, पेपर वाटत पुढून मागे चालल्या होत्या. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, असं त्यांनी सांगून झालं असावं, कारण इतकी माणसं असून नुसता कागदांचा आवाज येत होता. हेमलताला पुढची जागा दाखवली. कामिनी पार मागे, खिडकीशी. तिच्याजवळ जाता येईल अशी वाट नव्हती. नंतर सांगू, हा विचार आलाच. आणि त्याबरोबर हेही आलं की नंतर काही उरत नाही. पेपर संपला की संपलं, मग रावेरला मुलगा बघायला येतील. तिच्या बाकावर पेपर पडला. ती बसली. मग उभी राहिली.

"कामिनी, सगळं लिहू नको!" ती ओरडली. आवाज फाटला. "लागत नाही ते सोड. अपेंडिक्स, कुत्रा, ते सोड. मी तुला खोटं सांगितलं होतं."

सगळी डोकी वर झाली. कामिनीचा चेहरा लांब, उजेडात, उघडा पडलेला. त्यावर काय होतं ते हेमलताला त्या अंतरावरून वाचता आलं नाही.

"कोण आहे ही?" एजन्सीच्या बाई तरातरा पुढे आल्या. "काय सांगत होतीस तिला? पेपर बघितलायस का आधी?"

"नाही मॅडम."

"मग कुत्रा काय, अपेंडिक्स काय? ही खुणेची भाषा आहे का तुमची?" त्यांनी तिच्या पुढ्यातला पेपर उचलला. "बाहेर."

किरण सर आवाज ऐकून दारात आले होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग नव्हताच, समाधान होतं. ज्याचा माग सुटला होता तो पुन्हा सापडल्यावर येतं तसं. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तरी म्हटलं, चला, चान्स देऊ."

हेमलता त्यांच्यासमोर थांबली. हे शब्द तिला आयुष्यभर ऐकू येत होते, कुणी म्हणालं नाही तरी. आता प्रत्यक्ष ऐकले तर ते अगदी लहान वाटले.

"केबिनमध्ये मी लिहिलं ते माझं आहे सर," ती म्हणाली. "आणि हेही मीच केलं. दोन्ही माझंच आहे."

खाली रस्त्यावर ती एका चहाच्या टपरीजवळच्या बाकड्यावर बसून राहिली. ऊन पांझरा नदीच्या पुलाकडून चढत आलं. मुली बाहेर पडायला लागल्या, तिच्याकडे बघून आपसांत बोलत. सर्वांत शेवटी कामिनी आली. थांबली नाही. हेमलता तिच्यामागून चालत राहिली, बसस्टँडपर्यंत, आणि बसमध्ये तिच्याच बाकावर बसली. बस सुटून गाव मागे पडलं तेव्हा कामिनी समोर बघत म्हणाली, "आधी खोटं का सांगितलंस?"

हेमलताने सांगितलं. उपडा कागद, सर काय म्हणाले, सोडा, बेबाबाई जे म्हणाल्या ते. आश्रमशाळेचं सांगितलं, चुका सोडायचं सांगितलं. हे तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगताना तिला ऐकू येत होतं की यातलं एकही कारण पुरेसं नाही.

"विचारायचं होतंस," कामिनी म्हणाली. "मला नुसतं विचारायचं होतंस, तू सांगितलंस का म्हणून."

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग?"

"मला ते खरं वाटलं नसतं."

कामिनी खिडकीबाहेर बघू लागली. मग हेमलताने विचारलं, "काय लिहिलंस?"

"निम्मं." कामिनीचा आवाज कोरडा होता. "तू गॅलरीत सांगितलंस ते खरं, की ओरडलीस ते खरं, मला कळेना. सारखं वाटत होतं, ही मला पाडायला ओरडली की वाचवायला. म्हणून निम्मं लिहिलं, निम्मं सोडलं." ती उठली, पर्स उचलली आणि पुढे जाऊन एका रिकाम्या बाकावर बसली.

पुढे निकाल लागला तेव्हा कामिनीचं नाव निवडलेल्यांत नव्हतं, पुन्हा संधी द्यावी अशांत होतं. तेवढ्यावर तिने घरून पावसाळ्यापर्यंतची मुदत मिळवली. एजन्सीने हेमलताला कायमचं वगळलं, सरांनी क्लासला येऊ नको म्हणून निरोप पाठवला, आणि तिने मूळ परीक्षा स्वतःच्या हिमतीवर नाशिकला जाऊन द्यायचं ठरवलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर फक्त कामिनीची मान होती, बसच्या धक्क्यांबरोबर हलणारी, आणि ती मान चिडलेली आहे की रडते आहे, हे तिने या वेळी ठरवायचा प्रयत्न केला नाही.

पारोळ्याला बस भरली. एक म्हातारी दोन पिशव्या सांभाळत आत आली आणि हेमलताच्या बाकाशी थांबून तिने खिडकीकडच्या जागेकडे बोट दाखवलं. "आठे कोनी बसेल शे का?"

हेमलताने रिकाम्या जागेकडे बघितलं. "शे," ती म्हणाली. "येईल ती."

म्हातारीने जागेकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि विश्वास न बसल्यासारखी दांडा धरून तिथेच उभी राहिली. बसने वळण घेतलं, पिशव्या घरंगळल्या. पुढे कामिनीने मागे वळून बघितलं. म्हातारीला बघितलं, रिकाम्या जागेला बघितलं. हेमलताने नजर खाली केली नाही.

"आजी," कामिनी उठत म्हणाली, "या, इथे बसा."

म्हातारी पुढे गेली. कामिनी दांडे धरत मागे आली, बाकाशी क्षणभर थांबली आणि आत खिडकीशी बसली. दोघींच्या मध्ये तिने पर्स ठेवली. एरंडोलजवळ बस वळली. मग पश्चिमेचं ऊन खिडकीतून थेट कामिनीच्या चेहऱ्यावर आलं, तशी तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.

"सरक जरा," ती म्हणाली.